मोलकरणीच्या मागावर : लिन ते रोम

दिवस पहिला : किंग्ज लिन

केंब्रिजहून लिनला जाणारी गाडी अशा सपाट, पाणथळ मुलखातून जाते की वाटेत एखादा उंचवटा दिसेल तर शपथ. स्टेशनवर सोडायला आलेली लेक शेवटपर्यंत कुरकुरत होती. "आई, लोक दिवाळीच्या सुट्टीत स्वित्झर्लंडला बर्फ बघायला जातात आणि तू सहाशे वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी मोलकरणीच्या मागं निघालीस!"

"बर्फ वाटेत लागेलच," म्हटलं, आणि तिच्या हातातला तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा घेतला.

तर ही मोलकरीण. लिनच्या मार्जरी केंप या बाईंची. बाई मोठ्या घरच्या, वडील जॉन ब्रनम पाच वेळा गावचे महापौर. चौदा बाळंतपणं झाल्यावर बाईंनी नवऱ्याकडून ब्रह्मचर्याचं वचन घेतलं आणि १४१३ साली, थंडीच्या तोंडावर, जेरुसलेमच्या यात्रेला निघाल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण म्हातारपणी आपलं आयुष्य त्यांनी सांगून लिहवून घेतलं. ते हस्तलिखित पुढं कैक पिढ्या बेपत्ता होतं. १९३४ साली डर्बीशरमधल्या एका घरात मंडळी पिंगपाँगचा चेंडू शोधायला कपाट उपसत होती, तेव्हा ते बाहेर पडलं म्हणतात. इंग्रजीतलं पहिलं आत्मचरित्र असा आता त्याचा मान आहे.

पुस्तकभर बाईच बाई आहेत. त्यांचं देवाशी बोलणं, चर्चमध्ये टाहो फोडणं, लोकांनी केलेले अपमान. मोलकरीण सगळी मिळून मोजक्या वाक्यांत येते. नाव नाही, वय नाही, रूप नाही. 'मेडन' म्हणजे लग्न न झालेली पोर, एवढंच. आपल्या जनाबाईचं नाव तिच्या अभंगांनी तरी राखलं. या पोरीचं नाव तिच्या बाईंनीही घेतलं नाही.

लिनचं सेंट मार्गारेट चर्च म्हणजे बाईंचं रोजचं रडण्याचं ठिकाण. बुरुजावर एक गमतीचं घड्याळ आहे. आकड्यांच्या जागी 'लिन हाय टाइड' या शब्दांची बारा इंग्रजी अक्षरं, काट्याच्या जागी ड्रॅगन, आणि वेळ दाखवतं ती भरतीची. घड्याळ पोरीच्या काळानंतरचं आहे. भरती मात्र तीच, आणि गलबतं सुटायची ती तिच्यावरच.

आत दोन प्रचंड पितळी पत्रे आहेत, मध्ययुगातल्या थडग्यांवरचे. त्यातला एक १३६४ सालचा, रॉबर्ट ब्राँच नावाच्या महापौराचा. मधे तो आणि दोन्ही अंगांना त्याच्या दोन बायका, तिघांचे हात जोडलेले. मी बघायला आले होते ती खालची पट्टी. तिथं मेजवानी कोरली आहे. लांबलचक मेज, पाहुणे रांगेनं बसलेले, वाजंत्री वाजतेय आणि अख्खे मोर ताटात घालून आणले जातायत. ताट धरणाऱ्यांकडं मी बराच वेळ वाकून बघत बसले. मोर नीट कोरलाय, पिसारा नीट, वाढणाऱ्यांचे चेहरे सगळे एका साच्याचे. कारागिरानं तिथं वेळ घातलेला नाही.

पहिल्या बाळंतपणानंतर मार्जरीबाईंना वेड लागलं होतं. आठेक महिन्यांनी भानावर आल्या तेव्हा त्यांनी नवऱ्याकडं कोठाराच्या किल्ल्या मागितल्या. घरातल्या मोलकरणी म्हणाल्या, मालक, देऊ नका, असेल नसेल ते वाटून टाकतील. नवऱ्यानं दिल्या. बाईंनी हा प्रसंग मुद्दाम सांगितला आहे, आणि साहजिक आहे. घर कुणाचं हे कमरेच्या जुडग्यावरून ठरतं, लिनमध्येही आणि आमच्या वाड्यातही. ही किल्ली ध्यानात ठेवा, रोमला लागेल.

आपली पोर त्या जुन्या मोलकरणींपैकी खासच नव्हे, मधे वीसेक वर्षं गेली होती. पण तिची नोकरी कसली होती ते कायद्यात वाचायला मिळतं. काळ्या मृत्यूच्या साथीत माणसं मेली, मजूर महाग झाले, तेव्हा राजानं १३४९ आणि १३५१ साली कायदे करून चाकरांना जखडलं. कबूल केलेली मुदत संपायच्या आत सबळ कारणाशिवाय धन्याला सोडलं तर तुरुंग. १३८८ च्या कायद्यानं आणखी एक पाचर मारली. मुदत संपली तरी शिक्क्याचं पत्र असल्याशिवाय चाकरानं आपला परगणा सोडायचा नाही, 'यात्रेच्या बहाण्यानं'ही नाही. म्हणजे यात्रेला पळणाऱ्या मोलकरणी इतक्या असणार की सरकारला त्यांच्यासाठी शब्द खर्चावे लागले! बाईंबरोबर गेल्याशिवाय आपल्या पोरीला जग दिसणार नव्हतं.

दिवस दुसरा : नॉरिच, हार्विच

नॉरिच उरकलं. बाईंनी इथल्या कॅथीड्रलमध्ये दान टाकलं आणि यारमथला जाऊन गलबत धरलं. यारमथहून आता तशी बोट नाही, म्हणून मी हार्विच गाठलं आणि रात्रीच्या फेरीत केबिन घेतली. केबिनमध्ये गरम पाण्याचा शॉवर होता. निघताना गावच्या पाद्र्यानं बाईंच्या सांगण्यावरून व्यासपीठावरून पुकारा केला होता, कुणाचं बाईंकडं किंवा नवऱ्याकडं काही येणं असेल तर येऊन सांगा, चुकतं करून जातील. पोरीनं कुणाचा निरोप घेतला ते आपलं आपण समजायचं.

दिवस तिसरा : झिरिकझे

बाई आणि सोबतची यात्रेकरू मंडळी समुद्र ओलांडून उतरली ते हे गाव, नेदरलँड्समधल्या झीलंड प्रांतातलं. रेल्वे नाही. खूस गावाहून बस पाच किलोमीटर लांबीच्या पुलावरून नेते, दोन्ही बाजूंना नुसतं राखाडी पाणी. वेशीचा एक दरवाजा, नोबेलपोर्ट, चौदाव्या शतकातला आहे, म्हणजे पोरीनं तो बघितला असावा. गावातला तो आडवातिडवा बुरूज तिच्या नंतरचा, त्याचं काम १४५४ ला सुरू झालं. मी दरवाज्याच्या समोर बाकावर बसून शेवटच्या पुऱ्या खाल्ल्या. वारा इतका की पुरीचा तुकडा उडून गेला आणि तो एका समुद्रपक्ष्यानं हवेतच झेलला.

भांडणाची सुरुवात या वाटेवरची. बाईंनी चार वर्षांपासून मांस सोडलेलं, जेवताना देवाशिवाय दुसरा विषय नाही, आणि दर रविवारी प्रसाद घेताना मोठमोठ्यानं रडणं. सोबतचे लोक कावले. मुक्कामाला पोचल्यावर चार घास निवांत खावेत, दोन विनोद व्हावेत, तर मेजाच्या टोकाला ही बाई हुंदके देतेय. मंडळींनी मागं लागून लागून बाईंना मांस खा म्हटलं. बाईंचा पुस्तकातला गाऱ्हाण्याचा सूर मला कळतो, पण माझं डोकं निराळ्या ठिकाणी अडलं. एका पंगतीत उपासाचं आणि बिनउपासाचं, असे दोन स्वयंपाक कुणी केले? आपल्याकडं एकादशीला वेगळी चूल कुणाच्या कपाळी येते ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. पुस्तकात यावर अक्षर नाही. हा माझा तर्क आहे, आणि मी त्यावर ठाम आहे.

दिवस चौथा

दिवसभर गाड्या. रॉटरडॅम, ऑफेनबुर्ग, मग ब्लॅक फॉरेस्टमधून वळणावळणाची लाइन. तीन वेळा बदली, एकदा चुकीच्या डब्यात. पाय सुजले. ज्या पल्ल्याला त्या मंडळींना आठवडेच्या आठवडे लागले असतील तो मी बसून काढला आणि तरी कण्हत होते.

दिवस पाचवा : कॉन्स्टन्स

जर्मनीतलं तळ्याकाठचं गाव. तळ्यावर धुकं. जेट्टीच्या टोकाला 'इम्पेरिया' नावाचा नऊ मीटरचा पुतळा आहे, १९९३ साली बसवलेला. एक गणिका, दोन्ही हातांवर दोन नागडे बुटके, एकाच्या डोक्यावर राजमुकुट, दुसऱ्याच्या डोक्यावर पोपची टोपी. चार मिनिटांत एक, अशा गतीनं ती स्वतःभोवती फिरत असते. १४१४ ते १४१८ या काळात इथं धर्मपरिषद भरली होती, त्यावरची ही टवाळी. पाण्याकाठची ती भली मोठी वखार १३८८ सालची. १४१७ साली त्याच इमारतीत नवा पोप निवडला. त्याआधी दोन वर्षं, चर्चवर टीका करणाऱ्या यान हुस या बोहेमियाच्या धर्मसुधारकाला गावाबाहेर जाळलं होतं.

मार्जरीबाई इथं पोचल्या तेव्हा हे काहीच घडलेलं नव्हतं. त्यांच्या बाबतीत जे घडलं ते इथंच. कॉन्स्टन्सच्या वाटेवर सोबतच्या लोकांनी त्यांचा झगा गुडघ्याच्या जेमतेम खाली येईल इतका कापला, वर गोणपाटासारखं पांढरं कापड गुंडाळलं, म्हणजे बघणाऱ्यांनी वेडी समजावं. जेवायला सगळ्यांच्या खाली, मेजाच्या टोकाला बसवलं. आणि पोरीचे कान भरले. या बाईबरोबर राहिलीस तर तुझीही अब्रू जाईल, अशा अर्थाचं काहीतरी.

गावात पोपचा एक इंग्रज प्रतिनिधी होता, विद्वान पाद्री. बाईंनी त्याच्यापुढं मन मोकळं केलं. लोकही फिर्याद घेऊन आले, हिला मांस खायला सांगा, रडणं थांबवायला सांगा. तो म्हणाला, हे काही मी सांगणार नाही. मग लोकांनी बाईंना त्याच्याच गळ्यात टाकलं. वीसेक पौंड त्याच्या हवाली केले आणि सोळा पौंडांच्या आसपास स्वतःकडं दाबून ठेवले.

पुढची ओळ मी इथं वखारीच्या पायरीवर बसून पुन्हा काढून वाचली. पोरगीही त्यांनी ठेवून घेतली, बाईंबरोबर जाऊ दिली नाही, जरी तिनं कसल्याही अडचणीत सोडणार नाही असं बाईंना वचन दिलं होतं. सोळा पौंड ठेवले, पोरगीही ठेवली. दोन्ही एकाच श्वासात, एकाच क्रियापदाखाली.

वाचणारे बहुतेक जण इथं पोरीला बेइमान ठरवून पुढं जातात. मला उलट विचारावंसं वाटतं. घरापासून दोन देश लांब, भाषा येत नाही, बाईंच्या पैशांतले जवळजवळ निम्मे लोकांच्या खिशात, आणि बाई दिवसाआड जमिनीवर पडून आक्रोश करतात. थंडीत आल्प्स ओलांडायचेत. बाईंबरोबर कोण, तर पांढऱ्या दाढीचा डेव्हनशरचा विल्यम वीव्हर नावाचा म्हातारा, जो स्वतःच लुटारूंच्या भीतीनं कापत होता. तुमची अठरा वर्षांची मुलगी असती तर तुम्ही तिला कुठल्या टोळीबरोबर जा म्हटलं असतं? बाईंना कायद्यानं तिला तुरुंगात घालता आलं असतं, पण तो कायदा लिनमध्ये. कॉन्स्टन्समध्ये पोर पहिल्यांदाच, थोडीशी का होईना, सुटी झाली होती.

ती टोळी काही तिच्या प्रेमात नव्हती. कपडे धुवायला कुणीतरी लागणारच होतं.

दिवस सहावा : गोटहार्ड, बोलोन्या

कॉन्स्टन्सहून झुरिक, झुरिकहून मिलानची गाडी. सत्तावन्न किलोमीटरच्या बोगद्यात शिरली आणि पर्वताखालून अलगद निघून गेली. बर्फ दिसला तो शिखरांवर, दहाएक मिनिटं. लेकीला फोटो पाठवला. आल्प्स ओलांडण्याचं वर्णन बाईंनीही फार केलेलं नाही. वाटेत भले लोक भेटले, खायला-प्यायला घातलं, आपल्यापेक्षा चांगल्या गादीवर निजवलं, असंच सांगतात. विल्यमला घेऊन त्या टोळीच्या आधी बोलोन्याला पोचल्या! लोक मागून आले ते थक्क झाले. मग तह झाला. बाईंनी गॉस्पेलविषयी, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या कथेविषयी बोलायचं नाही, जेवताना गप्प बसायचं, हसतखेळत राहायचं. या अटींवर त्यांना पुन्हा पंगतीत घेतलं.

पोर परत दिली का? नाही.

बोलोन्यात पाऊस होता आणि कमानींच्या ओसऱ्यांखालून चालताना डोक्यावर थेंब पडला नाही. इतकंच माझं बोलोन्या.

दिवस सातवा आणि आठवा : व्हेनिस

इथं मी दोन दिवस काढले, कारण टोळीनं इथं तेरा आठवडे काढले. जेरुसलेमच्या वाटेवरच्या जाफा बंदराला जाणारी जहाजं हंगाम बघून सुटायची, तोवर यात्रेकरू व्हेनिसमध्ये मुक्काम ठोकून. पुढच्या काळातल्या यात्रेकरूंनी एकमेकांना सल्ले लिहून ठेवलेत की गादी-उशी विकत घ्या, वाइनचं पिंप घ्या, परतताना गादी निम्म्या किमतीला परत विका. अगदी वारीला निघताना ताडपत्री कुठून घ्यावी हे सांगणाऱ्या आमच्या आळीतल्या काकांसारखं.

बाईंचा तह इथं मोडला. एकदा जेवताना त्यांच्या तोंडून गॉस्पेलचं वचन निघालंच. लोक म्हणाले, करार मोडलात. बाई म्हणाल्या, हो मोडला, देवाबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. त्यानंतर सहा आठवडे त्या आपल्या खोलीत एकट्या जेवल्या. मधे इतक्या आजारी पडल्या की मरतात असं त्यांनाच वाटलं. आणि मग पोरीवरचं सगळ्यात लांब वाक्य येतं. या साऱ्या काळात माझ्या मोलकरणीनं माझ्याकडं बघितलं नाही. टोळीचा स्वयंपाक केला, त्यांचे कपडे धुतले, आणि जिच्या चाकरीत होती त्या बाईची मात्र काहीच सेवा केली नाही.

बाईंना यात दिसतो तो विश्वासघात. मला दिसतात ते तेरा आठवड्यांचे कपडे.

व्हेनिसमध्ये चहूकडं पाणी आणि ते सगळं खारट. गोडं पाणी चौकातल्या विहिरींत, तेही झऱ्याचं नाही, पावसाचं. चौकाची फरशी उतरती असते, पाणी वाळूतून गाळून खालच्या टाक्यात जमतं, वर दगडी कठडा. बहुतेक कठडे आता लोखंडी झाकणानं बंद आहेत. एका लहानशा चौकात मी अशा कठड्यावर हात फिरवून बघितला. आतल्या कडेला बोट बुडेल इतक्या खोल खाचा पडल्या होत्या, दोराच्या. दगड गुळगुळीत, मधल्या खाचा सगळ्यात खोल. आजोळच्या आडाला लाकडी रहाट होता तरी काठावर अशाच दोन खाचा होत्या, आणि लहानपणी आम्ही त्यात चिंचोके लपवायचो. तागाचे शर्ट-चादरी धुवायच्या म्हणजे राखेचं खारं पाणी करायचं, त्यात भिजवायचं, बडवायचं, पुन्हा गोड्या पाण्यात खळबळायचं. दर बादलीला एक ओढ. थंडीत. राखेनं हाताची सालं निघतात हे भांडी घासलेल्या कुणालाही माहीत आहे.

तिथंच उभी राहून लेकीला फोनवर हे सांगत होते, तर मागून आवाज आला. "काकू, तुम्ही मराठी का?"

विहिरीच्या पायरीवर एक मुलगी बसली होती. वीस-बावीसची, अंगावर मापाला मोठं जाकीट, पुढ्यात बाबागाडी, गाडीत झोपलेलं बाळ.

"हो. तू कुठली गं?"

"मूळ परतूरकडची. आता पुण्यात असते, बाळाला सांभाळायला. मॅडमची फॅमिली नावंत गेलीय फिरायला. नावंत पाचच जण बसतात म्हणे."

गोंडोलात खरंच पाचच जणांना बसवतात, नियम आहे. मॅडम, साहेब, आजी-आजोबा, मोठा मुलगा. हिशेब बरोबर होता, कुणाला दोष देण्याजोगं त्यात काही नव्हतं.

तिनं इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "काकू, इथं बाथरूमला पैसे पडतात का? दीड युरो म्हणले कोणी. किती झाले ते?"

"दीडशे रुपये. थोडे वरच."

"दीडशे!" ती हसली. "मी सकाळपासून पाणीच नाही पिले."

मी बाबागाडी धरली आणि तिला नाणी दिली. घेताना दोनदा नको म्हणाली, मग पळालीच. परत आली ती जरा बोलती होऊन. पासपोर्ट मॅडमकडं, हरवेल म्हणून. फोनला इथलं कार्ड नाही, हॉटेलवर वायफाय आहे तेव्हा आईशी बोलते. आईफेल टॉवर बघितला, खालून. बाळाचे कपडे रोज रात्री बेसिनमध्ये धुवायचे, हॉटेलवाले एका कपड्याचे पाच-पाच युरो घेतात.

"मॅडम कशा आहेत?"

"चांगल्या आहेत. ओरडत नाहीत," ती बाळाचं टोपडं सारखं करत म्हणाली. "त्यांच्या ध्यानातच येत नाही काही."

मग ती मंडळी आली. आजींनी माझी विचारपूस केली, कुठल्या, एकट्याच का, जेवण मिळतं का नीट. मॅडमनी मुलीला बिस्किटांचा पुडा दिला, गंमत म्हणजे फोडून दिला. खरंच चांगली माणसं होती. जाताना तिनं मागं वळून हात हलवला नाही, दोन्ही हात गाडीला होते.

रात्री खोलीवर मी माझे मोजे बेसिनमध्ये धुतले. दोन जोड. सुकले नाहीत सकाळपर्यंत.

दिवस नववा

जेरुसलेमला मी जाणार नव्हतेच. बाईंचं सगळ्यात भरजरी वर्णन तिथलं आहे, येशूला क्रूसावर चढवलं त्या कॅल्व्हरीवर पहिल्यांदा फुटलेला तो टाहो, गाढवावरून पडता पडता वाचणं. पण व्हेनिसनंतर रोमपर्यंत पोरीचा शब्द नाही. मी तिच्या मागावर, म्हणून मीही थेट रोमची गाडी धरली.

दिवस दहावा : रोम

व्हिया दी मोन्सेराटो ही जुन्या रोममधली अरुंद गल्ली. तिथं ४५ क्रमांकाला इंग्रज पाद्र्यांचं विद्यालय आहे, १५७९ पासूनचं. त्याआधी त्याच जागी इंग्रज यात्रेकरूंची धर्मशाळा होती, कँटरबरीच्या सेंट टॉमसच्या नावाची. १३६२ साली जॉन शेफर्ड नावाच्या जपमाळा विकणाऱ्या इंग्रजाच्या घरात ती सुरू झाली, त्याची बायको ॲलिस हिच्यासकट.

मार्जरीबाई इथं उतरल्या आणि एका पाद्र्यानं त्यांच्याबद्दल बरंवाईट सांगितल्यामुळं बाहेर काढल्या गेल्या. पुढं त्यांनी होतं नव्हतं ते पैसेही दान करून टाकले. जवळचेच नव्हेत, सोबत आलेल्या रिचर्ड नावाच्या कुबड्या आयरिश माणसाकडून उसने घेतलेलेही! (लिनच्या मोलकरणींनी नवऱ्याला जे बजावलं होतं ते शब्दशः खरं झालं.) एका जर्मन पाद्र्याच्या आज्ञेवरून सहा आठवडे त्यांनी एका गरीब म्हातारीची चाकरी केली, तिच्यासाठी लाकडं वाहिली, भीक मागितली, तिला चांगली वाइन देऊन स्वतः आंबलेली प्यायल्या. महापौरांची लेक मोलकरीण झाली. ते प्रायश्चित्त होतं, त्याची नोंद झाली, त्याचं पुण्य मिळालं. पोरीनं तेच तेरा आठवडे केलं होतं.

पुढं धर्मशाळेच्या प्रमुखाला पश्चात्ताप झाला आणि बाईंना परत बोलावलं. आत गेल्या तर समोर त्यांची मोलकरीण. 'पुष्कळ ऐश्वर्यात' राहत होती, कारण धर्मशाळेच्या वाइनची राखण तिच्याकडं होती.

ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा भर वाचनालयात हसले होते. लिनची ती पोर! व्हेनिसहून रोमला कशी आली, कुणाच्या सोबतीनं, इटालियन किती शिकली, कुणाला पटवून कोठाराची राखण मिळवली, यातलं काही बाईंनी विचारलेलं दिसत नाही. कोठार आलं म्हणजे किल्ली आली.

बाई अधूनमधून तिच्याकडं जायच्या, नम्रता अंगी बाणावी म्हणून, असं त्या म्हणतात. तिच्याकडं अन्नपाणी मागायच्या. पोर खुशीनं द्यायची. कधी वर एक ग्रोट. ग्रोट म्हणजे चार पेनींचं चांदीचं नाणं, इंग्लंडात मजुराची जवळपास दिवसाची मजुरी. मग बाईंनी मन मोकळं केलं. तू सोडून गेलीस त्याचं मला फार दुःख झालं, आपण वेगळ्या झालो म्हणून लोक काय काय बोलले. पोरीनं ऐकून घेतलं. पण परत बाईंकडं राहायला काही ती आली नाही.

एवढंच. यानंतर ती पुस्तकात नाही. बाई १४१५ मध्ये इंग्लंडला परतल्या.

मी गल्लीच्या एका टोकाहून पियाझा फार्नेसे या चौकात गेले. तिथं स्वीडनच्या सेंट ब्रिजिटचं घर आहे. ही राणीच्या दरबारातली बाई, आठ मुलांची आई, रोमला येऊन राहिली आणि १३७३ मध्ये इथं वारली. मार्जरीबाईंसाठी ती आदर्श. ज्या खोलीत ती वारली तिथं त्या गेल्या. ब्रिजिटची जुनी दासी अजून हयात होती, तिला जाऊन भेटल्या. भाषा येईना म्हणून दुभाष्या घेतला. तुझी बाई कशी होती, एवढंच ऐकायचं होतं. दासी म्हणाली, सगळ्यांशी प्रेमानं, नम्रपणानं वागायची, आणि तिचा चेहरा हसरा होता.

पियाझातून परत ४५ क्रमांकापर्यंत मी घड्याळ लावून चालले. चार मिनिटं, तीही माझ्या गुडघ्यानं.

दार बंद होतं. समोरच्या भिंतीला टेकून उभी राहिले. थोड्या वेळानं एक टेंपो आला, गल्ली अडली, मागच्या स्कूटरवाल्यानं शिव्या घातल्या. टेंपोवाल्यानं ढकलगाडीवर बाटल्यांचे खोके उतरवले. वाइन नव्हे, पाणी. बेल वाजवली. दार अर्धं उघडलं, आतून एका बाईचा हात बाहेर आला, कागद घेतला, सही करून परत दिला, आणि खोके एकेक करून आत गेले. दार लागलं.

लेकीचा फोन आला. "काय गं आई, सापडली का तुझी मोलकरीण?"

"सापडली," म्हटलं. "पण कामात आहे."